उताराचं संग्रहालय आणि दोन पायऱ्या

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना पुढचं वाचायला सवड नाही त्यांची सोय. हाताने ढकलायची चाकांची खुर्ची असेल, ती सव्वीस इंचांपेक्षा रुंद नसेल आणि सोबत एक धडधाकट माणूस असेल, तर कात्रजच्या जुन्या पाण्याच्या नळावरच्या या संग्रहालयातली भुयारी गाडी खुर्चीतून न उठता बघता येते. पण हे तुम्हाला तिकीटखिडकीवर कुणी सांगणार नाही. वेबसाइटवर ‘दिव्यांगस्नेही’ असं लिहून खुर्चीचं निळं चित्र डकवलंय, त्याखाली एक ओळ नाही. पुढची सगळी माहिती आम्ही तिथे भांडून मिळवलेली आहे.

संग्रहालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्याच्या बाहेर, हायवे सोडून थोडं आत, खासगी जागा आहे. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी माझ्यासमोर वहीत काही गोष्टी लिहून घेतल्यात आणि त्या करतो म्हणालेत. तेव्हा दिवाळीपर्यंत दम धरते. तोवर झालं नाही, तर नाव, पत्ता, नकाशा सगळं लिहीन.

लहानपणी पोलिओ झाला. पन्नाशी उलटेपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर उभी राहून शाळेत गणित शिकवलं, आता खुर्ची. सोबत आमचे हे आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. ती जन्मापासून दृष्टिहीन, बँकेतून निवृत्त झालेली, आणि आमच्यापैकी सर्वात जास्त हिंडलेली तीच. तिघांत मिळून धड पाय चार आणि धड डोळे चार, हिशेब पुरतो.

विषय मात्र असा आहे की पुणेकराने जायलाच हवं. पेशवाईतला कात्रजचा नळ! अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालून दगडी बांधणीच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणलं, वाटेत पेठांमधल्या हौदांना दिलं. ना पंप, ना वीज. सगळा खेळ उताराचा. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडत नेणार, कमी झाला तर गाळ साचून नळ तुंबणार. तो मधला, बेताचा उतार मैलोन्‌मैल सांभाळत आणायचा, तोही मधल्या चढउतारांची समजूत काढत. आत हवा खेळावी म्हणून आणि साफसफाईला उतरता यावं म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. मुलांना गुणोत्तर शिकवताना मी हेच उदाहरण द्यायची.

आणि अशा संग्रहालयाच्या दाराशी जो रॅम्प आहे तो बघून मला हसूच फुटलं. जोतं दोन फूट उंच, चार पायऱ्यांचं. शेजारचा रॅम्प किती लांब? फरशा मोजल्या. दोन फुटी फरशा, चार. म्हणजे आठ फूट. दोन फूट चढायला आठ फूट, एकास चार. असायला हवा एकास बारा, म्हणजे निदान चोवीस फूट. एकास चारवर खुर्ची चढत नाही, ती चढवावी लागते. आणि उतरताना तोंड मागे करून उतरलं नाही तर माणूस खुर्चीतून पुढे घरंगळतो. कठडा एकाच बाजूला, तोही भिंतीच्या इतका जवळ की बोटं सोलवटतात. ज्यांनी हे बांधलं त्यांनी आतलं मॉडेल पाहिलंच नसावं. ‘वॉचमन आहे ना, तो लावतो धक्का,’ असं उत्तर मिळालं. वॉचमन बिचारा माझ्याहून वयाने मोठा.

तिकीटखिडकीचा काउंटर माझ्या कपाळाइतका उंच. आतल्या मुलीने ह्यांना विचारलं, ‘ह्यांचं वय काय?’ हे अशा वेळी काहीच बोलत नाहीत, छताकडे बघत बसतात. चाळीस वर्षांची तालीम आहे. शेवटी खालून माझाच आवाज आला तेव्हा ती उठून वाकली. गुणी पोरगी, लगेच बाहेर येऊन पैसे घेतले. दिव्यांगांना प्रवेश मोफत, सोबतच्या एकाला निम्मा दर, गाडीचं तिकीट मात्र सगळ्यांना पूर्ण. पैशाबद्दल माझी तक्रार नाही. मला उलट पूर्ण पैसे घ्या आणि चोवीस फूट बांधा, हा सौदा चालेल.

वरचं दालन झकास आहे, अगदी मनापासून सांगते. पेट्या बसलेल्या माणसाच्या नजरेत येतील अशा ठेवल्यात, काचेवर दिव्याची तिरीप येत नाही, दोन पेट्यांमधून खुर्ची गर्रकन वळते. माहितीफलक मराठीत आधी आणि ठळक. शुद्धलेखन माझ्या डोळ्यांनी तपासलं. दोनच ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय, पुण्यात याहून वाईट पाट्या रोज बघते.

मधोमध नळाचं लांबलचक मॉडेल आहे, आणि ते हाताळता येतं. हीच या जागेची सर्वात मोठी कमाई. पितळेचा उठाव, बोट कात्रजच्या तलावावर ठेवायचं आणि सरकवत न्यायचं. माझ्या मैत्रिणीने बोट ठेवलं ते शनिवारवाड्यापर्यंत उचललंच नाही. मध्येच थांबून म्हणाली, ‘अगं, इथे खोल झालं.’ तिथे गाळ बसायला केलेली टाकी होती. फलक मी नंतर वाचला, तिला ते बोटाने आधीच कळलं होतं. शेजारी खऱ्या मापाच्या उच्छ्वासाची दगडी प्रतिकृती आहे. तिने आत डोकं घालून ‘ओ’ काढला, आतून घुमून परत आला, तशी शेजारची दोन मुलं रांग लावून उभी राहिली. ब्रेलमध्ये एक अक्षर नाही, पण तिचं म्हणणं पडलं की ब्रेलच्या पाटीपेक्षा हे बरं. पाटी काय, कोपऱ्यात लावतात आणि ती कुठे लावलीय हे सांगणारी पाटी कुठेच नसते.

आता गाडी. इमारतीखाली वीसेक फुटांवर बोगदा आहे. त्यात रुळांवरून पाच-सहा डब्यांची बुटकी गाडी फिरते, नळाच्या आतून गेल्यासारखी. खाली न्यायला लिफ्ट आहे, दार रुंद, बटणं हाताशी, आत आरसा, म्हणजे मागे बघत बाहेर येता येतं. लिफ्टमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत ठेवली होती, ती काढायला लावली. खाली पोचलो, दार उघडलं, पुढे छान सपाट बोळ. त्या बोळाच्या टोकाला फलाट, आणि फलाटावर उतरायला दोन पायऱ्या.

इतका खर्च करून लिफ्ट बसवायची आणि तिच्यापुढे दोन पायऱ्या ठेवायच्या, हे कसं सुचतं मला खरंच समजत नाही.

लगेच दोन तरुण पुढे आले. बाह्या सरसावल्या. ‘उचलतो ना, मावशी! दोन मिनिटांचं काम.’

ह्या ‘उचलतो ना’बद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण उचलणाऱ्याला त्यात काहीच गैर वाटत नाही. मुलं चांगलीच होती. पण खुर्चीला धरायचं कुठे हे त्यांना ठाऊक नसतं. एक जण हात ठेवायच्या दांडीला धरतो. माझ्या खुर्चीची ती दांडी उपसून निघते, तशीच बनवलीय. दुसरा पाय ठेवायच्या पट्टीला धरतो. ती आडवी घडी होते. चाकाला धरलं तर चाक फिरतं. मग खुर्ची नको, बाईलाच उचलू, असं ठरतं. एक काखेत हात घालतो, दुसरा गुडघ्यांखाली, साडी वर सरकते, पोलिओचा पाय लोंबतो, आणि फलाटावरची चाळीस माणसं ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत बघत असतात. माझं वय एकसष्ट. परक्या माणसांच्या हातांत तसं जाण्याची माझी इच्छा नाही, आणि ही इच्छा नसण्यासाठी मी कारण देणं लागत नाही. मी ब्रेक लावले आणि ‘नको’ म्हटलं.

‘मग राहू द्या मावशी, वर व्हिडिओ दाखवतो.’

मॅनेजरला बोलावलं. त्यांना एकच विचारलं: खाली असताना वीज गेली किंवा धूर झाला तर लिफ्ट बंद. मग मला वर कसं नेणार? ते म्हणाले, ‘मॅडम, तशी वेळ येणारच नाही.’ मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, ‘आमची मुलं आहेत ना.’ म्हणजे तीच मुलं, तोच काखेत हात, फक्त आता अंधार, धूर आणि जिन्यावर धावणारी माणसं. जमिनीखालच्या कुठल्याही जागेत हा प्रश्न आधी विचारायचा, ही माझी सवय आहे. आत नेणारे शंभर भेटतात. बाहेर कसं काढणार याचं उत्तर ज्याच्याकडे आहे, त्याने आपला खरा विचार केलाय.

नियम कडक असला तरी चालतो, मला नियमाचा राग नाही. इंग्लंडमध्ये यॉर्क शहरात जॉर्विक नावाचं व्हायकिंगांचं संग्रहालय आहे. कॉपरगेट भागात 1976 ते 1981 या काळात उत्खनन झालं, हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, आणि 1984 मध्ये त्याच जागी, जमिनीच्या पोटात, डब्यात बसून त्या वस्तीतून फिरवून आणणारी राइड सुरू झाली. त्या काळचे वाससुद्धा सोडतात म्हणे. आपल्याकडची ही गाडी त्याच घराण्यातली. तिथे खुर्चीवरच्या पाहुण्यांनी आधी वेळ ठरवून यावं असं सांगतात, कारण संकटात खालून बाहेर काढायची व्यवस्था एका वेळी मोजक्याच माणसांना पुरते. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यामागे कुणीतरी हिशेब मांडलाय. ‘तशी वेळ येणारच नाही’ यामागे हिशेब नाही, नुसता नवस आहे.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या मेट्रोचं सिव्हिल कोर्ट स्टेशन जमिनीखाली 33 मीटरवर आहे. सप्टेंबर 2024 मध्ये तिथून स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा सुरू झाला, मुठेच्या पात्राखालून जातो. मी मंडईला त्यानेच जाते. लिफ्ट, रुंद फाटक, सपाट फलाट, डब्यात खुर्चीची जागा. कुणी मला मावशी म्हणत नाही, कुणी उचलत नाही, कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नाही. ज्या शहराला 33 मीटर जमतं तिथे वीस फुटांचं कौतुक मला सांगू नका.

मॅनेजर आणि मी अशा गोष्टी करत असताना गाडी चालवणारा मुलगा बाजूला उभा होता. हळूच म्हणाला, ‘सर, मागच्या गेटनं आणलं तर?’

मागचं गेट म्हणजे असं: डबे दुरुस्तीला बाहेर काढायला बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला एक दार आहे, आणि तिथून इमारतीमागच्या आवारात चढत जाणारा लांब सिमेंटचा उतार. डबे ढकलत न्यायचे म्हणून उतार अगदी मंद ठेवलेला, मध्ये एक सपाट टप्पा. मी काही फरशा मोजल्या नाहीत, तिथे फरशाच नव्हत्या, पण ह्यांनी मला एका हाताने ढकलत नेलं आणि दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होते. खाली जमीन डब्याच्या तळाला समपातळीत. शेवटच्या डब्याचं बाक दोन बोल्ट काढले की निघतं, कारण त्या डब्यातून एरवी पाण्याची मोटार आणि हत्यारं नेतात. एक फळी टाकली, मी आत. ब्रेक लावले, चाकांना पट्टा बांधला. सगळं मिळून दहा मिनिटं.

म्हणजे या इमारतीत योग्य उतार पहिल्या दिवसापासून होता. लोखंडी डब्यांसाठी. वर, तीच संकटाची वाटही आहे! लिफ्ट बंद पडली, वीज गेली, तरी त्या दारातून कुणाच्याही मदतीशिवाय नाही, पण कुणीही न उचलता बाहेर येता येतं. मॅनेजर माझ्या मागोमाग तो उतार उतरताना जरा गप्पच होते. तेव्हाच वही काढली.

गाडी सुरेख आहे. सहा-सात मिनिटांचा फेरा. दिवे मालवतात, गारवा लागतो, ओल्या मातीचा वास येतो, आणि पाणी डोक्यापाशी वाहतंय असा आवाज. भिंती दोन्ही बाजूंनी इतक्या जवळ की हात बाहेर काढू नका असं बजावतात. एका ठिकाणी गाडी थांबते आणि वरून उच्छ्वासातून उन्हाचा एकच झोत पडतो. झोतात धूळ तरंगत असते आणि वरच्या रस्त्यावरून बैलगाडी गेल्याचा खडखडाट ऐकू येतो. मला काटा आला. मैत्रिणीला वास आणि आवाज सगळ्यात आवडले, निवेदनावर मात्र ती चिडली. ‘डावीकडे पाहा, काय अद्भुत दृश्य!’ असं तो निवेदक तीनदा म्हणाला आणि दृश्य काय ते एकदाही बोलला नाही. डोळे असणाऱ्यांना डावीकडे बघायला सांगावं लागत नाही, आणि नसणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, मग ते वाक्य आहे कुणासाठी, असा तिचा सवाल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर काहीच नाही, अंधारात अक्षरंसुद्धा उमटत नाहीत.

शेवटाला पावसाचा प्रसंग आहे, त्यात विजा चमकतात. पांढरा लखलखाट, झटक्यांनी, आणि मोठा कडकडाट. आधी सूचना नाही. पुढच्या डब्यातलं एक सात-आठ वर्षांचं मूल कान झाकून किंचाळत राहिलं, आई त्याला छातीशी धरून बसली होती, आणि तिथे गाडी थांबवत नाहीत. फिट येणाऱ्यांनी आणि आवाजाचा त्रास होणारी मुलं असलेल्यांनी हे आधी ठाऊक करून घ्यावं. दारात एक पाटी लावायला खर्च किती? हेही वहीत गेलंय.

स्वच्छतागृहाबद्दल थोडक्यात. खुर्चीवाल्यांसाठी वेगळं आहे, कुलूप लावलेलं, किल्ली सुपरवायझरकडे, सुपरवायझर जेवायला. उघडलं तेव्हा आत बादल्या, फिनेलचे कॅन आणि गणपतीच्या सजावटीचं मखर. मखर काढल्यावर जागा पुरेशी निघाली, कठडे दोन्ही बाजूंना भक्कम, पण दार आत उघडतं, म्हणजे मी आत गेल्यावर ते लागत नाही. हे बाहेर पाठ करून उभे राहिले. उपाहारगृहात कांदाभजी उत्तम, टेबलाखाली गुडघे जातात, चहा पुणेरी मापाचा.

निघताना मॅनेजरशी बोलणं झालं. ते म्हणाले, कॉन्ट्रॅक्टरने केलं तसं आम्ही घेतलं, आणि खासगी जागेला हे लागू होतं का? लागू होतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि लोकांना सेवा देणाऱ्या खासगी ठिकाणांचीही जबाबदारी त्यात येते. वर राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारला सांगितलं की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीचे, नियम नुसत्या शिफारशींसारखे ठेवून भागणार नाही, किमान काही मानकं बंधनकारक करा. हे मी तिथे उभं— म्हणजे बसूनच— ऐकवलं. त्यांनी वाद घातला नाही, आणि खरं सांगायचं तर माणूस अडेलतट्टू नाही. मागचं गेट पाहुण्यांसाठी खुलं करायचं, तिथपर्यंत बाणाच्या पाट्या लावायच्या, शेवटच्या डब्याचं बाक कायमचं काढायचं, विजांची आगाऊ सूचना द्यायची, एवढं कबूल. पुढच्या रॅम्पबद्दल ‘बघू’ म्हणाले. पार्किंगची दोन जागांची फरसबंदी तोडावी लागते म्हणे. तोडा की!

आत्ता जायचं असेल तर हे करा. आदल्या दिवशी फोन करा आणि सरळ विचारा, ‘मागच्या गेटची किल्ली उद्या कुणाकडे आहे?’ ज्याच्याकडे असेल तो त्या वेळी तिथे असेल याची खात्री करून घ्या. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत शेवटचा डबा मोकळा ठेवत नाहीत. दृष्टिहीन असाल तर वरच्या पितळी मॉडेलला निदान अर्धा तास द्या आणि सोबत बोलका माणूस न्या, निवेदकाच्या भरवशावर राहू नका. बॅटरीवर चालणारी जड खुर्ची असेल तर इतक्यात जाऊ नका. डब्यात टाकतात ती फळी साध्या प्लायची आहे, माझ्याच वजनाला मध्ये वाकली होती.